अहवालाचं खानदान

"पोरगं दिसायला बरंय, पण खानदान विचारलं का?"

नांदेडच्या एका जुन्या ग्रंथालयात, संदर्भ विभागाच्या मागच्या टेबलावरून हे वाक्य कानावर आलं तेव्हा मी मान वर केली नाही. दुसऱ्यांच्या सोयरिकीच्या गोष्टी चालल्या असल्या की कान तिकडे आणि डोळे पुस्तकात ठेवायचे, ही माझी सवय. पलीकडे एक वयस्कर बाई एका घाबरलेल्या विद्यार्थिनीला समजावत होत्या, की वरून गोरंगोमटं आहे, कबूल, पण याचा बाप कोण, आई कुठली, आणि ते तुझ्या दारात एकटंच कसं आलं, हे आधी विचार. मग कागद फडफडला. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. पाहते तर बाईंच्या हातात नवरदेवाचा फोटो नव्हता. लसीकरणाचा तालुकावार तक्ता होता.

छापील कागदाला उपवर मुलगा समजून त्याची सात पिढ्यांची चौकशी करणारी दुसरी व्यक्ती मराठवाड्यात नाही, आणि मराठवाड्याबाहेर असेल असं कुणी म्हटलं तर ही बाई स्वतःच ते हसण्यावारी नेईल. ही बाई म्हणजे माझ्या मैत्रिणीची फुफू. आमच्याकडे जिला आत्या म्हणतात तिला त्यांच्या घरात फुफू म्हणतात. मैत्रीण नोकरीनिमित्त हैदराबादला गेली तेव्हा जाताना सांगून गेली होती, की नांदेडात काही अडलं तर फुफूला भेट. पुढे हेही म्हणाली, की तिला भेटायला जावं लागत नाही, तीच भेटते. त्या दिवशी ते खरं झालं. विद्यार्थिनीला तिच्या तक्त्यासकट परत पाठवून फुफू सरळ माझ्या समोर येऊन बसल्या, माझ्या वहीवर चष्म्यातून एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "तू लातूरची ना गं, सार्वजनिक आरोग्यवाली? माझी भाची म्हणली होती, एक पोरगी येईल, ती काहीच बोलणार न्हाई. म्हणून वळखलं."

मी तेव्हाही काही बोलले नाही. त्यांना पुरावा मिळाला.

माझं काम मी त्यांना हळूहळू सांगितलं. इस्लापूरच्या पुढे डोंगराकडच्या भागात एका आरोग्य केंद्राला लागून एक मोठी खोली आहे. दूरच्या वाड्यांवरच्या गरोदर बायांनी दिवस भरत आले की तिथे येऊन राहावं, ऐनवेळी नाले आणि चढउतार पार करत धावाधाव होऊ नये, म्हणून ती बांधलेली. खाटा आहेत, चूल आहे, सोबत आलेल्या बाईला झोपायला जागा आहे. पण सरकारी तक्त्यात ती खोली जवळजवळ रिकामी दिसत होती, आणि रिकाम्या खोलीत औषधांची खोकी ठेवावीत असा प्रस्ताव लातूरच्या विभागीय बैठकीत येणार होता. त्या बैठकीसाठी आमच्या मार्गदर्शक सरांकडून एक टिपण मागवलं होतं आणि सरांनी ते माझ्यावर सोपवलं. ग्रंथालयात आणि सरकारी कार्यालयांत त्या खोलीबद्दल जे छापलं गेलं असेल ते जमवायचं, वाचायचं, आणि खोली ठेवावी की न ठेवावी ते लिहायचं. आमचं टिपणही 'रिकामी' म्हणालं, की खोली गेली.

फुफूंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "रिकामी म्हणतंय कोण?"

फुफूंनी जन्मभर दोन कामं केली. त्याच ग्रंथालयात त्या संदर्भ विभाग सांभाळायच्या. निवृत्त झाल्या तरी रोज येतात आणि आपल्या जुन्या खुर्चीवर कुणी बसलं असेल तर त्याला उठवत नाहीत, नुसत्या शेजारी उभ्या राहून जीव नकोसा करतात. दुसरं काम म्हणजे स्थळांची चौकशी. ते त्यांना कुणी दिलं नव्हतं. मोहल्ल्यात कुणाच्या मुलीला स्थळ आलं, मग तो मोहल्ला मुसलमानांचा असो की पलीकडची आळी मराठ्यांची आणि लिंगायतांची, लोक फुफूंकडे येत. फुफू मुलाच्या गावी जात, पण मुलाच्या घरी जात नसत. त्या त्याच्या शेजाऱ्याकडे जात, शाळेतल्या बाईंकडे जात, आणि शेवटी त्याच्या आजोळी. मी एकदा भीत भीत विचारलं, की आजोळी कशाला? तर म्हणाल्या, "देवणीच्या बाजारात गोऱ्हा घेताना जाणता माणूस गोऱ्हा बघत न्हाई बेटा, त्याची गाय बघतो. गोऱ्हा तर सगळेच धुऊनपुसून आणतात."

ही दोन कामं त्यांच्या डोक्यात कधी एक झाली ते त्यांनाही सांगता येणार नाही. पण अहवाल हातात आला की त्या पहिलं पान उघडत नाहीत. शेवटून सुरुवात करतात. आधी तळटिपा, मग परिशिष्ट, मग संदर्भांची यादी, आणि सगळं पटलं तरच मुखपृष्ठावर नजर. प्रस्तावना तर त्या वाचतच नाहीत. मुलाची तारीफ मुलाच्या मामाकडून कशाला ऐकायची, असं त्यांचं म्हणणं. एखादा आकडा कुठून आला ते लिहिलेलं नसलं तर त्या अहवाल मिटून बाजूला सारतात आणि एकच शब्द उच्चारतात, "अनाथ." तोही रागाने नाही, हळहळून.

सरकारी कार्यालयात फुफूंबरोबर जाणं हा एक सोहळा असतो. मी एकटी जायची तेव्हा दाराशी उभी राहून कुणी आपल्याकडे बघेल का याची वाट पाहायची, कुणी बघितलं की अर्ज पुढे करायची, आणि उद्या या असं ऐकून निघायची. इंग्रजी शाळेत आम्हाला हात वर करायला शिकवलं होतं. हात वर न करता बोलायचं कसं ते कुणी शिकवलं नव्हतं. फुफू आत शिरतात, रिकामी खुर्ची ओढून बसतात आणि पिशवीतून दाभण आणि मेणाचा दोरा काढतात. टेबलावर जो अहवाल पानं सुटून पडलेला असेल तो उचलतात आणि शिवायला घेतात. आपल्याच कार्यालयाचा कागद आपल्यादेखत एक अनोळखी बाई शिवते आहे म्हटल्यावर माणूस हबकतोच. टाका घालता घालता फुफू विचारतात, गाव कोणतं, वडील काय करायचे, आई कुठली. आई कळमनुरीची निघाली की फुफूंना तिथली एक तरी विद्यार्थिनी आठवते. अहवाल शिवून होईपर्यंत चहा आलेला असतो, आणि चहा संपेपर्यंत आम्हाला हवं ते वार्षिक समालोचन कपाटातून निघालेलं असतं.

एकदा मात्र हे अंगाशी आलं. एका कार्यालयातल्या काकांनी सगळ्या प्रश्नांची उत्तरं इतक्या नम्रपणे दिली, शर्टाची बटणं नीट केली, साहेबांच्या खोलीतून खास कप मागवले, की मला संशय येऊ लागला होता. निघताना त्यांनी आरोग्य विभागाचा वार्षिक अहवाल दिला आणि त्यावर एक बंद पाकीट ठेवलं. त्यात त्यांच्या मुलाचा फोटो, शिक्षण आणि उंची होती. फुफू मुलीकडच्या आहेत आणि मी मुलगी आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. मला जिन्यावर चक्कर यायची बाकी होती. फुफूंनी पाकीट शांतपणे पिशवीत टाकलं. अहवाल खानदानी निघाला. मुलगाही बरा निघाला असावा, कारण त्याची सोयरीक पुढे त्यांनी भोकरला जमवून दिली.

इंटरनेटला त्या घाबरत नाहीत, पण त्याला त्या घर मानत नाहीत. भाड्याची खोली म्हणतात. सरकारी संकेतस्थळावर एखादं परिपत्रक शोधावं आणि दुव्यावर बोट ठेवताच कोरं पान उघडावं, असं माझं रोज व्हायचं. मी निराश होऊन लॅपटॉप मिटायला लागले की फुफू म्हणायच्या, "बिऱ्हाड हाललं असंल. शेजाऱ्यांना विचार." शेजारी म्हणजे त्या परिपत्रकाचा उल्लेख करणारे दुसरे कागद: दुसऱ्या खात्याचं प्रशिक्षण पुस्तक, विधिमंडळातली प्रश्नोत्तरं, लेखापरीक्षणाचा शेरा. आणि खरोखर, शेजारी सांगायचे. एका कागदातून दुसऱ्याचा क्रमांक मिळायचा, दुसऱ्यातून तिसऱ्याची तारीख, आणि हरवलेलं परिपत्रक एखाद्या भलत्याच खात्याच्या पानावर आरामात बसलेलं सापडायचं. असं काही सापडलं की मला जागेवर बसवत नसे. शाळेत असताना मैत्रिणी पिक्चर बघून आल्यावर जसं सांगायच्या तसं मला कुणाला तरी सांगावंसं वाटायचं, आणि सांगायला समोर फुफू असायच्या, ज्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झालेला असायचा.

त्या चुकायच्याही. एका संस्थेचा गुळगुळीत कागदावर छापलेला रंगीत अहवाल मी आणला तेव्हा त्यांनी तो हातातही घेतला नाही. इतका मेकअप म्हणजे काहीतरी लपवायचं आहे, असा निकाल देऊन मोकळ्या झाल्या. मी तो घरी नेऊन वाचला. त्यात वाड्यांचे नकाशे होते, नाले कुठे आडवे येतात ते दाखवलं होतं, आणि प्रत्येक आकड्याखाली तो कुठून घेतला ते लिहिलं होतं. मी दुसऱ्या दिवशी तो त्यांच्यासमोर परिशिष्ट उघडून ठेवला. बराच वेळ त्या वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, "चांगल्या घरचं हाय. सजतंय लई, एवढंच."

मला एका गोष्टीचं नवल वाटायचं. येईल त्याचं गाव, आजोळ, मामा विचारणाऱ्या फुफूंनी मला माझ्याबद्दल काहीच विचारलं नव्हतं. मी डब्यात काय आणते ते बघायच्या, थंडीत खिडकीजवळची जागा मला द्यायच्या, पण घरी कोण कोण असतं हेही कधी विचारलं नाही. मला ते बरं वाटायचं, आणि थोडं लागायचंही. खूप दिवसांनी मीच विषय काढला तर सहज म्हणाल्या, की विचारलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी आली नसतीस. मला वाटायचं निरीक्षण मीच करते.

तर रिकाम्या खोलीचं खानदान आम्ही शोधू लागलो. एका वर्तमानपत्रात 'वापराविना पडून' अशी बातमी होती. बातमीने आकडा विभागाच्या गोषवाऱ्यातून घेतला होता. विभागाने जिल्ह्याकडून, जिल्ह्याने तालुक्याकडून, तालुक्याने केंद्राच्या मासिक अहवालातून. प्रत्येक कागद आम्ही मिळवला. काही ग्रंथालयातून, काही कार्यालयांतून, एक माहिती अधिकारातून. कुठेही गडबड नव्हती. बेरजा बरोबर, सह्या जागच्या जागी. मी टिपणाचा मसुदा लिहायला घेतला, जड मनाने, कारण कागद एकच गोष्ट सांगत होते. फुफू मात्र अस्वस्थ होत्या. बापाकडून सगळं चोख आहे, असं त्यांनी मान्य केलं. आईकडचं कुणी भेटलंच नाही, असं म्हणत राहिल्या. आकडा जन्मला कुठे ते आजोळ आपण बघितलेलंच नाही, आणि आजोळ न बघता आजवर त्यांनी ना कुणाला होकार कळवला होता, ना नकार.

म्हणून एका सकाळी आम्ही एस्टीने निघालो. इस्लापूरपर्यंत बस आणि पुढे जीप. फुफूंनी चौकशीच्या वेळची वेगळी साडी नेसली होती, डबा दोघींना पुरून उरेल एवढा होता, आणि जीपमध्ये त्यांनी चालकाच्या धाकट्या बहिणीसाठी एक स्थळही सुचवलं. येत असल्याचं कुणाला कळवायचं नाही, ही त्यांची अट. कळवून गेलं की पोहे मिळतात, माहिती मिळत नाही.

खोलीचं दार उघडं होतं. आत पाऊल टाकलं आणि मी तिथेच थांबले. खाटांवर बाया होत्या. एकीची आई तिची वेणी घालत होती, दुसरी पाय लांब करून शेंगा फोडत बसली होती, कोपऱ्यात चुलीवर काहीतरी शिजत होतं आणि कशावरून तरी सगळ्या इतक्या हसत होत्या, की आम्ही आलो तरी हसू आवरेना. पिशवीत माझ्याजवळ तक्ता होता. तक्त्याप्रमाणे इथे कुणीच नव्हतं.

मी वही काढून काय विचारावं ते ठरवत होते, तोवर फुफू शेंगा फोडणारीच्या खाटेवर बसल्या, मूठभर शेंगा उचलल्या आणि त्यांचा ठरलेला प्रश्न टाकला.

"कुणाची गं तू?"

"इथलीच हाय. वरच्या वाडीच्या गवंड्याची लेक."

"आन् दिली कुठं?"

"तिकडं, आदिलाबादकडं."

वेणीवाली भोकरला दिलेली होती. पलीकडची हिमायतनगरकडे. फुफू प्रत्येकीजवळ जाऊन बसल्या, प्रत्येकीला तेच विचारलं, आणि प्रत्येक जण कुणाची ना कुणाची लेक निघाली; सासर दूर, दुसऱ्या तालुक्यात, नाहीतर दुसऱ्या राज्यात. फुफूंच्या शेंगा खाण्याचा वेग मंदावला. त्यांनी वेणी घालणाऱ्या आईला विचारलं, की इथल्या सुना कुठे गेल्या?

त्या बाईने आमच्याकडे असं पाहिलं, जसं शहाण्यासारख्या दिसणाऱ्या माणसाने भलतंच काही विचारल्यावर पाहतात. "सुना त्यांच्या माहेरी गेल्या की. बाळंतपण हाय म्हणल्यावर पोरगी आईकडं जाणार का सासूकडं ऱ्हाणार?"

खोलीत पुन्हा हसणं सुरू झालं. या वेळी फुफूही हसत होत्या, डोळ्यांना पदर लावून, आणि मीसुद्धा. सगळं इतकं सरळ होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्या लातूरच्या घरातही कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. इथल्या सुना आपापल्या आयांकडे निघून जायच्या आणि इथल्या लेकी इथे यायच्या. केंद्राच्या सिस्टर तेवढ्यात आल्या. त्यांनी समजावून सांगितलं, की लग्न झालेल्या लेकीचं नाव सासरच्या केंद्रात नोंदलेलं असतं, म्हणून त्या तिला बाहेरची धरून रजिस्टरमध्ये वेगळ्या रकान्यात लिहितात. तो रकाना पुढे कुठे जातो ते मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. फुफूंनी माझ्या पिशवीतून तक्ता काढला, उलटा सुलटा करून पाहिला आणि मायेने म्हणाल्या, की बिचाऱ्याने फक्त सासर विचारलं.

परतताना जीपमध्ये मी बोलत होते. किती बोलत होते ते फुफूंच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्या एक शब्दही न बोलता माझ्याकडे बघत होत्या.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते चांगले आहेत, पण बैठकांमध्ये मुरलेले आहेत. ते म्हणाले, की आम्ही डोळ्यांनी पाहिलं हे बैठकीत एका दिवसाचं पाहणं ठरेल. लेकींना मोजायचं नाही असं कुठे लिहिलंय ते दाखवा, नाहीतर तक्ताच जिंकेल. त्यांचं बरोबर होतं. म्हणून आम्ही पुन्हा ग्रंथालयात. आता शोधायच्या होत्या त्या मासिक अहवालाच्या नमुन्याबरोबर निघालेल्या मार्गदर्शक सूचना. संकेतस्थळावर बिऱ्हाड हललेलं होतं. शेजाऱ्यांनी, म्हणजे एका जुन्या प्रशिक्षण पुस्तकाने, नाव आणि क्रमांक सांगितला. ग्रंथालयाच्या नोंदीत ती पुस्तिका होती, पण आरोग्याच्या कपाटात नव्हती. बैठक जवळ येत चालली होती. आम्ही बाकीची कपाटं वाटून घेतली. फुफू शिक्षण आणि सिंचन, मी शेती आणि पशुसंवर्धन.

ती मला सापडली, जनावरांच्या लाळ-खुरकत रोगावरच्या अहवालाच्या पोटात, त्याच्याबरोबर एकत्र शिवलेली. टाका मेणाच्या दोऱ्याचा होता, एकसारखा, घट्ट, आणि मला चांगला ओळखीचा. पुस्तिका इंग्रजीत होती. मी फुफूंच्या पद्धतीने शेवटून सुरुवात केली, आणि परिशिष्टाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, ते वाक्य होतं: लाभार्थी म्हणजे केंद्राच्या कार्यक्षेत्रात नोंद असलेली आणि तिथे कायम राहणारी गरोदर स्त्री, इतर स्त्रियांची नोंद वेगळी ठेवावी, ती गोषवाऱ्यात धरू नये.

मी ते फुफूंना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग फुफूंनी, ज्यांनी उभी हयात लोकांना ओठावर बोट ठेवून गप्प केलं त्या फुफूंनी, संदर्भ विभागात अशी आरोळी ठोकली, की वर्तमानपत्रं वाचणारे दोन आजोबा उभे राहिले. नवीन ग्रंथपाल धावत आले आणि संकोचून म्हणाले, मॅडम, शांतता. फुफूंना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी हे म्हटलं होतं. त्या खुशाल हसत होत्या. मी टाक्याकडे बोट दाखवलं तेव्हा जरा गंभीर झाल्या, चष्मा पुसला, आणि म्हणाल्या की त्या आठवड्यात घाई होती.

बैठकीला फुफू येणार हे धरूनच चाललं होतं. मी तसं स्पष्ट म्हटलं नव्हतं, पण मनात सगळं मांडलं होतं. मी पुस्तिका पुढे करीन, फुफू खुर्ची ओढून बसतील, साहेबांचं आजोळ विचारतील, आणि चहा संपेपर्यंत खोली वाचलेली असेल. त्या दिवशी त्या नांदेडच्या बसस्थानकावर माझ्याआधी हजर होत्या. साडी चौकशीचीच होती. हातात डबा होता, आणि डबा एकाच माणसाचा होता.

मी विचारलं, की तुमचा? त्यांनी डबा माझ्या पिशवीत नीट उभा ठेवला, पुस्तिका कोरडी राहील अशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आहे ना ते पाहिलं, आणि बसची पाटी वाचून घेतली.

"मी आले तर मीच बोलून टाकीन बेटा," त्या म्हणाल्या. "मला राहवत न्हाई, तुला ठाऊक हाय. मग सगळे मला बघतील. जिनं शोधलं ती भिंतीला टेकून उभी राहील."

मी काहीतरी म्हणणार होते. त्यांनी ते होऊ दिलं नाही. खिडकीची जागा धर, लोह्याच्या पुढे ऊन डावीकडून येतं, एवढंच सांगितलं. बस सुटली तेव्हा त्या हात हलवत नव्हत्या. इतकी उत्सुकता चेहऱ्यावर असलेलं माणूस मी फलाटावर मागे राहिलेलं पाहिलं नव्हतं. जिथे सगळे बोलणार आहेत अशा ठिकाणी न जाणं म्हणजे फुफूंसाठी काय असेल, याचा मी लातूर येईपर्यंत विचार करत होते. माझ्याच गावात उतरताना मला पहिल्यांदा परकं वाटलं.

सभागृहात लांब टेबल होतं, पाण्याच्या बाटल्या होत्या, पडद्यावर तो तक्ता होता. डोंगराकडच्या खोलीचा विषय आला. कुणीतरी म्हणालं, वापर नाही, साठवणुकीला द्यावी. कुणी विरोध केला नाही. करण्यासारखं पडद्यावर काही नव्हतंच. अध्यक्षस्थानी असलेल्या अधिकारी बाईंनी, पुढे जाऊ या का, असं विचारलं. सर माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "मी मांडू का?" त्यात दया होती, आणि ती घ्यावी असं मला अगदी मनापासून वाटलं. पुस्तिका माझ्या मांडीवर होती. त्या क्षणी मला शेजारची रिकामी खुर्ची दिसली, जिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं आणि म्हणून कुणी उठून बोलणारही नव्हतं.

मी मान हलवून सरांना नाही म्हटलं आणि उभी राहिले. पहिलं वाक्य माझं मलाच ऐकू आलं नाही. टेबलाच्या टोकावरून कुणीतरी म्हणालं, "जरा मोठ्याने." मी माईक जवळ ओढला, पुस्तिकेचं शेवटचं पान उघडून समोर धरलं.

"मॅडम, ती खोली रिकामी नाही. या तक्त्यात फक्त गावच्या सुना मोजल्यात. त्या खोलीत गावच्या लेकी येतात."